एअर फ्रायरमधील फ्रेंच फ्राइज

एअर फ्रायरमधील फ्रेंच फ्राइज हा बटाट्याच्या लांब सळ्यांना तेलाचा हलका हात लावून, वेगाने फिरणाऱ्या गरम हवेत भाजून तयार केला जाणारा पदार्थ आहे. कढईत तळलेल्या फ्राइजच्या तुलनेत यात तेल बरेच कमी लागते. त्यामुळे घरगुती स्वयंपाकात तळणीला पर्याय म्हणून तो लोकप्रिय झाला आहे. उपकरणाच्या नावात ‘तळणे’ असले, तरी शास्त्रीय अर्थाने यात काहीही तळले जात नाही. तळणे म्हणजे पदार्थ गरम तेलात बुडवून शिजवणे. एअर फ्रायर ही वस्तुतः जोरदार पंखा बसवलेली लहान आकाराची भट्टी आहे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. पदार्थाची चव, त्याला लागणारा वेळ आणि त्याचे आरोग्यविषयक फायदे-तोटे या सर्वांचे मूळ त्यातच आहे.

== पार्श्वभूमी ==

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतील. युरोपमार्गे तो भारतात पोर्तुगीजांबरोबर आला आणि पश्चिम भारतात त्याला पोर्तुगीज ‘बाताता’वरून ‘बटाटा’ हे नाव मिळाले. उत्तर भारतात मात्र ‘आलू’ हा शब्द रूढ झाला. बटाट्याच्या सळ्या तेलात किंवा चरबीत तळण्याची प्रथा फ्रान्समधील की बेल्जियममधील, याविषयी दोन्ही देशांत जुना वाद आहे. पॅरिसमधील पाँ-नफ या पुलाच्या नावावरून जाड सळ्यांच्या एका प्रकाराला आजही ‘पॉम पाँ-नफ’ म्हणतात. बेल्जियममध्ये सळ्या आधी मंद आणि नंतर तीव्र आचेवर अशा दोनदा तळतात. पारंपरिक पद्धतीत त्यासाठी गोवंशाची चरबी वापरली जाते.

एअर फ्रायर हे उपकरण त्या मानाने अगदी अलीकडचे आहे. पंख्याने गरम हवा फिरवणाऱ्या भट्ट्या विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात होत्या, परंतु त्या आकाराने मोठ्या असत. डच संशोधक फ्रेड व्हान डेर वाय यांनी घरच्या घरी कमी तेलात कुरकुरीत फ्राइज करता यावेत म्हणून एक आटोपशीर यंत्र विकसित केले. त्या तंत्रावर आधारित ‘एअरफ्रायर’ फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिन येथील ‘आयएफए’ प्रदर्शनात सादर केला. आज या यंत्रात केक, पापड, मासे, समोसे असे नाना पदार्थ केले जात असले, तरी ते मुळात बटाट्यासाठी जन्मले ही गोष्ट सहसा विस्मरणात जाते.

== रचना व कार्यपद्धती ==

यंत्राच्या वरच्या भागात विजेवर तापणारे वेटोळे आणि त्याच्या वर पंखा असतो. खाली जाळीदार तळ असलेली टोपली असते. पंखा गरम हवा खाली ढकलतो, ती पदार्थाच्या भोवतून व जाळीतून फिरून पुन्हा वर जाते. उष्णतेच्या या सक्तीच्या अभिसरणामुळे पदार्थाच्या पृष्ठभागावरील दमट हवेचा थर सतत दूर होतो व पृष्ठभाग लवकर सुकतो. साध्या भट्टीच्या तुलनेत एअर फ्रायर वेगवान ठरतो, त्याची कारणे दोन: पोकळी लहान असल्याने ती पटकन तापते आणि हवेचा वेग अधिक असतो.

तरीही उष्णता देण्याच्या बाबतीत हवा तेलाची बरोबरी करू शकत नाही. समान तापमानाला गरम तेल बटाट्याला गरम हवेपेक्षा अनेक पटींनी जलद उष्णता देते. १८० °से. तापमानाच्या तेलात बोटाएवढी सळी पाच ते आठ मिनिटांत तयार होते. त्याच तापमानाच्या फिरत्या हवेत तिला साधारण वीस मिनिटे लागतात. शिवाय तेल प्रत्येक सळीला सर्व बाजूंनी वेढते. हवेला मात्र दोन सळ्या चिकटून पडल्या असतील तेथे शिरता येत नाही. म्हणूनच टोपली काठोकाठ भरल्यास सळ्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात आणि लिबलिबीत होतात. या यंत्राविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ भरगच्च टोपलीत असते.

== सळीमध्ये घडणारे बदल ==

कच्च्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्यात मुख्य वाटा पिष्टाचा. सळी तापू लागली की साधारण ६० ते ७० °से. दरम्यान पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि आतला गर मऊ होतो. पृष्ठभागावरील पाणी उडून गेल्यावर तेथील तापमान १०० °से.च्या वर जाऊ लागते व कोरडे कवच तयार होते. पुढे, विशेषतः १४० °से.नंतर, शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात मायार अभिक्रिया वेगाने घडते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. पोळीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आणि फ्राइजचा सोनेरी रंग ही सारी तिचीच रूपे आहेत.

तळणीत तेल नेमके केव्हा शोषले जाते, याविषयी सर्वसाधारण समज चुकीचा आहे. सळी तेलात असताना आतून वाफेचा झोत बाहेर येत असतो आणि तो तेलाला आत शिरू देत नाही. सळी बाहेर काढून थंड होऊ लागली, की आतली वाफ निवते, दाब घटतो आणि पृष्ठभागाला चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणजे बहुतांश तेल झाऱ्यावर निथळत असतानाच्या क्षणांत मुरते. एअर फ्रायरमध्ये पृष्ठभागावर मुळातच तेल अत्यल्प असल्याने हा टप्पा उरत नाही.

मात्र तेल पूर्णपणे वगळणेही इष्ट नाही. तेलाचा पातळ थर पृष्ठभागावरील खाचखळग्यांपर्यंत उष्णता पोहोचवतो आणि कवच ठिसूळ ठेवतो. अजिबात तेल न लावलेल्या सळ्या सुकून वातड होतात. ‘थेंबभरही तेल नको’ ही जाहिरातींतील भाषा यंत्राच्या क्षमतेविषयी खरी असली, तरी पदार्थाच्या दर्जाविषयी नाही.

== बटाट्याची निवड ==

फ्राइजसाठी पिष्ट व शुष्कांश अधिक आणि शर्करा कमी असलेला बटाटा उत्तम. पाणी अधिक असलेला नवा बटाटा रश्श्याला चांगला असला, तरी त्याच्या सळ्या मऊ पडतात. शर्करा जास्त असल्यास सळी आतून शिजण्यापूर्वीच बाहेरून काळपट होते. सिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने प्रक्रिया उद्योगासाठी ‘कुफ्री चिप्सोना’ मालिकेतील वाण आणि खास फ्राइजसाठी ‘कुफ्री फ्रायसोना’ हा लांबट कंदांचा वाण विकसित केला आहे. किरकोळ बाजारात मात्र वाणाचे नाव क्वचितच कळते. महाराष्ट्रातील मंडईत बटाटा ‘तळेगाव’, ‘इंदुरी’ अशा गावांच्या नावांनी विकला जातो, आणि ही नावे वाणापेक्षा आवकेची दिशा अधिक सांगतात. अशा वेळी एक घरगुती परीक्षा उपयोगी पडते: दोन-चार सळ्या आधी करून पाहाव्यात. त्या लवकर तपकिरी झाल्यास त्या बटाट्याची भाजी करावी.

हिरवट पडलेले किंवा मोठे कोंब आलेले बटाटे टाळावेत. त्यांत सोलानिनसारखी विषारी अल्कलॉइडे वाढलेली असतात आणि एअर फ्रायरच्या किंवा तळणीच्या तापमानाला ती पुरेशी नष्ट होत नाहीत.

साठवणुकीच्या प्रश्नावर तज्ज्ञांचे मत काळानुसार बदललेले आहे. सुमारे ६ °से.पेक्षा कमी तापमानात बटाट्यातील पिष्टाचे काही प्रमाणात शर्करेत रूपांतर होते, म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवू नये असे दीर्घकाळ सांगितले जात असे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये हा सल्ला शिथिल केला. घरगुती फ्रिजमधील साठवणुकीने फारसा फरक पडत नाही आणि अन्नाची नासाडी मात्र कमी होते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. थंडीमुळे बटाटा गोडसर होतो हे निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही; गडद, हवेशीर जागा उपलब्ध असल्यास बटाटा तेथेच ठेवणे सोयीचे.

== कृती ==

दोघा-तिघांसाठी सोललेला ५०० ग्रॅम बटाटा पुरेसा होतो. त्याच्या साधारण १ सें.मी. जाडीच्या, शक्य तितक्या एकसारख्या सळ्या कापतात. जाडीचा परिणाम दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. १ सें.मी. जाड चौकोनी सळीला दर घन सेंटिमीटरमागे सुमारे ४ चौ. सें.मी. पृष्ठफळ असते, तर ६ मि.मी. जाड सळीला ते जवळजवळ ६.७ चौ. सें.मी. होते. बारीक सळ्या अधिक कुरकुरीत होतात खऱ्या. पण त्यांना तेल अधिक लागते, त्या लवकर करपतात आणि पुढे वर्णन केलेले ॲक्रिलामाइडही त्यांत अधिक बनते.

सळ्या दोन-तीन पाण्यांनी, पाणी निवळ दिसेपर्यंत धुतात आणि अर्धा तास थंड पाण्यात भिजत ठेवतात. यामुळे पृष्ठभागावरील मोकळे पिष्ट निघून जाऊन सळ्या एकमेकींना चिकटत नाहीत, व काही शर्कराही पाण्यात उतरते. भिजवण्याऐवजी सळ्या अर्धवट उकडून घेण्याची पद्धत अधिक खात्रीची आहे. त्यासाठी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर व थोडे मीठ घालून, मंद उकळीवर सळ्या पाच-सहा मिनिटे ठेवतात. पाणी आम्लधर्मी झाल्याने, म्हणजे त्याचा सामू उतरल्याने, पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि सळ्या मोडत नाहीत. व्हिनेगर नसल्यास लिंबाचा रस चालतो.

यापुढील टप्पा सर्वांत दुर्लक्षित असतो. सळ्या चाळणीत निथळून स्वच्छ सुती पंचावर पसरवाव्यात आणि त्यांतील वाफ निघून जाईपर्यंत, किमान दहा मिनिटे, तशाच ठेवाव्यात. ओल्या सळ्या यंत्रात गेल्यास पहिली काही मिनिटे केवळ ते पाणी उडवण्यात खर्ची पडतात. कोरड्या झालेल्या सळ्यांना पसरट भांड्यात एक मोठा चमचा तेल हाताने सर्व बाजूंनी चोळतात. शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे किंवा राईस ब्रान असे कोणतेही नेहमीचे तेल चालते. बाटलीतून थेट ओतण्यापेक्षा चमच्याने मोजणे महत्त्वाचे आहे. त्याचे कारण पोषणमूल्यांच्या विभागात स्पष्ट होईल. दाबयुक्त डब्यातील फवारा मात्र टाळावा, कारण त्यांपैकी अनेकांत असलेल्या लेसिथिनचा चिकट थर टोपलीच्या मुलाम्यावर बसतो व सहजासहजी निघत नाही.

यंत्र तीन मिनिटे आधी तापवून, टोपली अर्ध्याहून अधिक भरणार नाही अशा बेताने सळ्या घालतात. अर्धवट उकडलेल्या सळ्या प्रथम १६० °से.वर सुमारे बारा मिनिटे आणि नंतर १८० °से.वर पाच ते आठ मिनिटे भाजतात. बेल्जियन दुहेरी तळणीचेच हे तत्त्व होय: आधी आतून शिजवणे, मग बाहेरून रंग आणणे. कच्च्या, केवळ भिजवलेल्या सळ्यांसाठी १८० °से.वर अठरा ते बावीस मिनिटे लागतात. दर पाच-सात मिनिटांनी टोपली बाहेर काढून हलवणे आवश्यक असते. यंत्रायंत्रांतील फरकामुळे वेळेपेक्षा रंगावर विसंबणे श्रेयस्कर. गव्हाळ-सोनेरी रंग आला की थांबावे. मीठ शेवटी भुरभुरावे. आधी घातलेले मीठ सळीतून पाणी बाहेर ओढते. शिवाय पृष्ठभागावरील मीठ जिभेला लगेच जाणवत असल्याने थोडे पुरते. तयार फ्राइज झाकून ठेवल्यास वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतात.

== पोषणमूल्य ==

तळलेल्या फ्राइजमध्ये दर १०० ग्रॅममागे साधारण १५ ग्रॅम मेद व ३१० किलोकॅलरी ऊर्जा असते. कच्च्या बटाट्यात हीच ऊर्जा सुमारे ७७ किलोकॅलरी भरते. ही तुलना जशीच्या तशी स्वीकारणे मात्र योग्य नाही, कारण शिजताना बटाट्यातील पाणी उडते आणि वजन घटते. तुलना कच्च्या मालाच्या आधारे करणे अधिक प्रामाणिक होय.

५०० ग्रॅम सोललेल्या बटाट्यात सुमारे ३८५ किलोकॅलरी असतात. तो तळल्यावर वजन अंदाजे निम्मे, म्हणजे २५० ग्रॅम उरते, आणि त्यात सुमारे ३७ ग्रॅम तेल मुरलेले असते. या तेलाची ऊर्जा ३३० किलोकॅलरीच्या आसपास जाते. एकूण बेरीज ७०० च्या थोडी वर. तेवढाच बटाटा एका मोठ्या चमचाभर, म्हणजे १३-१४ ग्रॅम तेलात एअर फ्रायरमध्ये केल्यास बेरीज ५०० च्या थोडी वर राहते. फरक सुमारे २०० किलोकॅलरींचा पडतो. दोघांत वाटल्यास तो माणशी साधारण एका पोळीएवढा भरतो. हा फरक नियमित खाणाऱ्याच्या दृष्टीने नगण्य नाही, पण जाहिरातींतून सूचित होतो तेवढा प्रचंडही नाही. शिवाय तो चमचा मोजण्यावर अवलंबून आहे. अंदाजाने ओतलेले तेल तीन चमचे झाले, तर तळणीशी असलेला फरक जवळजवळ नाहीसा होतो. सोबत घेतलेल्या मेयोनेजचेही तेच. त्यात पारंपरिक कृतीनुसार ७० ते ८० टक्के तेल असते, आणि दोन मोठे चमचे मेयोनेज वाचवलेले बहुतेक तेल परत ताटात आणते.

बटाट्यातील पिष्टावर यंत्राचा काहीही परिणाम होत नाही. तेल कमी झाले म्हणून रक्तातील शर्करा कमी वाढेल, असे मानण्यास आधार नाही. मधुमेही व्यक्तींसाठी प्रमाणाचा नियम तळलेल्या फ्राइजइतकाच येथे लागू होतो. मिठाचा प्रश्नही तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे.

एक फायदा सहसा मोजला जात नाही. घरगुती तळणीनंतर कढईत उरलेले तेल भारतात बहुधा टाकले जात नाही. ते गाळून पुन्हा वापरले जाते. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे साचत जातात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा संयुगांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, पण स्वयंपाकघरात ती मोजण्याची सोय नसते. एअर फ्रायरमध्ये उरलेले तेल हा प्रकारच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. उष्मांकांच्या बचतीपेक्षा हा लाभ कदाचित मोठा आहे.

== ॲक्रिलामाइड ==

पिष्टमय पदार्थ १२० °से.पेक्षा अधिक तापमानाला कोरड्या उष्णतेने शिजवल्यास त्यात ॲक्रिलामाइड हे संयुग तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याचा समावेश मानवात बहुधा कर्करोगकारक असलेल्या, म्हणजे ‘२-अ’ गटात केला. तेव्हा ते केवळ औद्योगिक रसायन समजले जात असे. ते अन्नात असते हा शोध योगायोगाने लागला. दक्षिण स्वीडनमधील हालांड्सोस येथे रेल्वेचा बोगदा खणताना १९९७ मध्ये गळती बुजवण्यासाठी ॲक्रिलामाइडयुक्त पदार्थ वापरला गेला. तो पाण्यात मिसळून परिसरातील मासे व गुरे बाधित झाली आणि कामगारांची रक्ततपासणी करावी लागली. तुलनेसाठी तपासलेल्या, बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांच्या रक्तातही या रसायनाच्या खुणा सापडल्या. ते कोठून येते याचा माग स्टॉकहोम विद्यापीठातील मार्गारेटा टॉर्नक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला, आणि एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने तळलेल्या व भाजलेल्या पदार्थांत ॲक्रिलामाइड असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी त्याची निर्मिती ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल व शर्करा यांच्यातील मायार अभिक्रियेतून होते हे सिद्ध झाले. बटाट्यात हे दोन्ही घटक मुबलक असतात. म्हणजे फ्राइजना रंग व खमंगपणा देणारी अभिक्रियाच हा नको असलेला पदार्थही देते.

प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेत दिलेल्या ॲक्रिलामाइडने कर्करोग झाल्याचे दिसले आहे. आहारातून मिळणाऱ्या मात्रेबाबत मानवी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. युरोपीय संघाने एप्रिल २०१८ पासून लागू केलेल्या नियमांत तयार फ्राइजसाठी दर किलोग्रॅममागे ५०० मायक्रोग्रॅम हा संदर्भस्तर ठरवला आहे. ती बंदीची मर्यादा नव्हे. तो स्तर ओलांडल्यास उत्पादकाने आपली प्रक्रिया तपासावी, एवढाच त्याचा अर्थ.

एअर फ्रायरने ॲक्रिलामाइड कमी होते काय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. स्पेनमधील वालेन्सिया येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तळणीच्या तुलनेत ते सुमारे ९० टक्के कमी आढळले. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र फरक किरकोळ किंवा उलट दिशेचाही दिसला. बटाट्याचा वाण, सळीची जाडी, तापमान आणि विशेषतः भाजणीचा शेवटचा रंग बदलला की आकडे बदलतात. पूर्वतयारीचा परिणाम अधिक भरवशाचा आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हलक्या रंगावर तळलेल्या सळ्यांमधील ॲक्रिलामाइड आधी केवळ धुतल्याने २३ टक्क्यांपर्यंत, अर्धा तास भिजवल्याने ३८ टक्क्यांपर्यंत आणि दोन तास भिजवल्याने ४८ टक्क्यांपर्यंत घटले. तपकिरी होईपर्यंत भाजल्यास हा लाभ बव्हंशी वाया जातो.

== गोठवलेले फ्राइज व उपवास ==

बाजारात मिळणारे गोठवलेले फ्राइज कारखान्यात आधीच अर्धवट तळलेले असतात. त्यामुळे त्यांना घरी वेगळे तेल लावावे लागत नाही. ‘तेलाशिवाय’ केलेल्या अशा फ्राइजमध्ये तेल असतेच, ते फक्त दुसऱ्याने घातलेले असते. रंग एकसारखा यावा म्हणून काही उत्पादनांत डेक्स्ट्रोज, तर सळ्या काळवंडू नयेत म्हणून सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट वापरतात. कुरकुरीतपणासाठी काहींवर तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाचा पातळ लेप असतो.

महाराष्ट्रात बटाटा उपवासाला चालत असल्याने ही शेवटची बाब महत्त्वाची ठरते. पिठाचा लेप असलेले पाकीट उपवासाच्या दिवशी अनवधानाने वापरले जाऊ शकते. घटकांची यादी वाचणे, किंवा घरीच सळ्या कापून शेंगदाणा तेल वा साजूक तूप लावून करणे, हे दोन मार्ग उरतात. अनेक घरांत अशा वेळी साध्या मिठाऐवजी सैंधव आणि मिरपुडीऐवजी लाल तिखट किंवा जिरेपूड वापरली जाते.

== वीज व निगा ==

घरगुती एअर फ्रायर बहुधा १,४०० ते १,८०० वॉट क्षमतेचे असतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १,५०० वॉटचे यंत्र साडेसहा अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे दिव्या-पंख्यांसाठीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते जोडू नये. १६ अँपिअरचा पॉवर प्लग आवश्यक असतो. पंचवीस मिनिटांच्या वापरात अशा यंत्राला जास्तीत जास्त सुमारे ०.६ युनिट वीज लागते. मागील बाजूने गरम हवा बाहेर पडत असल्याने यंत्र भिंतीपासून काही अंतरावर ठेवतात. टोपली कोमट पाण्यात भिजवून मऊ स्पंजाने धुवावी. तारेच्या काथ्याने तिचा मुलामा खरवडला जातो. वरच्या वेटोळ्यावर उडालेले तेल पुसले नाही, तर पुढच्या वेळी त्याचा धूर होतो व वास फ्राइजना लागतो. हे पुसणे यंत्राची वायर काढून, ते पूर्ण थंड झाल्यावरच करावे.